दोन्हींचा दर एकच

श्रीपतभाऊंच्या समोर पोह्यांची बशी ठेवली की मी मुद्दाम विचारायची, "भाऊ, हेडिंग?" ते चमचा उचलायच्या आधी सांगायचे, "एकोणीस शून्य चार." मग गुळाचा खडा दाखवायचा. "सतरा शून्य एक." मग आमच्या ह्यांचा चष्मा. "नव्वद शून्य चार. पण काच फुटली असेल तर वेगळं बघावं लागेल, वहिनी." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे.

श्रीपत मेश्राम कस्टममध्ये अधिकारी. जगात जी म्हणून वस्तू जहाजातून उतरू शकते, तिला कस्टमच्या दरपुस्तकात एक क्रमांक, म्हणजे हेडिंग, दिलेला असतो आणि त्या क्रमांकापुढे कराचा दर लिहिलेला असतो. आलेला माल कुठल्या क्रमांकात बसतो आणि त्याची किंमत खरी सांगितली आहे का, एवढ्या दोनच प्रश्नांत या माणसाची सगळी नोकरी सरली. मूळचे भंडाऱ्याकडचे. बायको द्रौपदी पोस्टात होती, मुलगी स्वप्ना नोएडात नोकरी करते. आमचे हे, चारुदत्त, रेल्वेत इंजिनियर होते म्हणून आम्ही लखनौला आलो आणि इथलेच झालो. वृंदावन योजना या वसाहतीत आमची घरं समोरासमोर. तेलीबागच्या बाजारात सब्जी आणायला मी आणि द्रौपदी बरोबर जातो, आणि भैयाशी भाव करताना ती भंडाऱ्याची हिंदी बोलते नि मी नाशिकची.

मी केंद्रीय शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. श्रीपतभाऊंकडे दरपुस्तकाचं एकोणतिसावं प्रकरण होतं, म्हणजे सेंद्रिय रसायनं. त्यामुळे आमचं जमायचं. फरक एवढाच की मी ज्याला संयुग म्हणायची त्याला ते माल म्हणायचे.

स्वभावाने कडक नव्हते, पण चोख होते. लाच तर सोडाच, व्यापाऱ्याने दिवाळीला पाठवलेला सुक्या मेव्याचा डबाही गेटवरून परत जायचा. द्रौपदी कधी कधी वैतागायची, "अहो, बदाम तर ठेवून घ्यायचे होते." हे सांगते ते एवढ्यासाठी की पुढचं ऐकून कोणाला वाटू नये, यांनी पैसे खाल्ले असतील. पैसे खाल्ले असते तर गोष्ट सोपी झाली असती. एका माणसाला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

आता थोडं त्यांच्या कामाच्या रीतीबद्दल. पूर्वी अधिकारी बंदरावर बसायचा, पिंप उघडून बघायचा, वास घ्यायचा. हल्ली माल उतरतो दूर समुद्राकाठी आणि त्याची कागदपत्रं कॉम्प्युटर देशातल्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे धाडतो. व्यापाऱ्याला कळत नाही की आपला कागद कोणाच्या हातात आहे. ओळखपाळख नको, हातमिळवणी नको, म्हणून ही सोय. हेतू चांगलाच. पण समुद्रावरचा माल लखनौत बसून तपासायचा म्हणजे पडद्यावरचे आकडेच तपासायचे. शंका आली तर अधिकारी एक ओळ लिहून बंदरावर नमुना काढायला लावू शकतो. मग पिंप उघडतात, थोडा माल सीलबंद बाटलीत भरून सरकारी प्रयोगशाळेत जातो. पण तेवढे दिवस कंटेनर अडकून पडतो आणि अडवणाऱ्याच्या नावापुढे उशीर लागतो. म्हणून त्या खात्यात नमुन्याचं नाव काढलं की वरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, महसुलाला काही फरक पडतो का? पडत नसेल तर सोडा.

स्वप्नाच्या वाढदिवसाला आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. श्रीपतभाऊ त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "वहिनी, आज एक मासा गळाला लागला." दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने प्रॉपिलीन ग्लायकॉलची पिंपं मागवली होती. हे एक बिनरंगाचं, दाट, गोडसर द्रव्य, औषधांत चालतं, रंगांत चालतं, सौंदर्यप्रसाधनांत चालतं. कागदावर लावलेला भाव फारच कमी होता. "या भावात प्रॉपिलीन मिळतच नाही. म्हणजे किंमत दाबून दाखवली, कर वाचवायला." मग भाऊंनी काय केलं, तर बाजारभाव काढला, मालाची किंमत तेवढी वर नेली आणि त्या वाढीव किमतीवर कर लावला. खात्यात याला लोडिंग म्हणतात, आणि रोजच चालतं.

"आणि गंमत म्हणजे," ते म्हणाले, "हा भांडलाच नाही. एरवी हे लोक गळा काढतात, वकील आणतात. ह्यानं एका ओळीत मान्य केलं आणि पैसे भरून माल उचलला."

स्वप्नाला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते हिंदीत. वाढताना तिने सहज विचारलं, "पापा, सस्ता था तो कुछ और भी तो हो सकता है ना? वो चीज़ ही दूसरी हो?"

"असू शकतं. फार तर डायएथिलीन ग्लायकॉल असेल, ते स्वस्त असतं," भाऊ म्हणाले. "पण असलं तरी काय? हेडिंग वेगळं, पण दोन्हींचा दर एकच. सरकारचं काही जात नाही."

त्यावर द्रौपदीने आणखी पुऱ्या आणल्या आणि विषय बदलला. जानेवारीत कस्टम दिनाच्या समारंभात, जादा महसूल आणला म्हणून भाऊंना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात या मालाचाही वाटा होता.

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला बातम्या यायला लागल्या. नेपाळच्या सीमेलगत, तराईकडच्या एका लहानशा गावात सर्दी-खोकल्याच्या मुलांची लघवी अचानक बंद होत होती. अंग सुजायचं, मग मूल झोपायचं ते उठायचं नाही. काहींना लखनौपर्यंत आणलं, तीही वाचली नाहीत. सगळ्यांना एकाच कंपनीचं खोकल्याचं औषध दिलेलं होतं. तपासणीत निघालं की त्या औषधात जिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल असायला हवं, तिथे डायएथिलीन आहे. पहिलं पोटात गेलं तर चालतं. दुसरं गाडीच्या ब्रेकमध्ये घालायचं, ते मूत्रपिंड मारून टाकतं. दिसायला दोन्ही सारखी, चवीला दोन्ही गोड. मी वर्गात शिकवायची तेव्हा फळ्यावर त्यांचे रेणू शेजारी शेजारी काढायची.

एका सकाळी द्रौपदी दारात उभी. पायात चपलाही नव्हत्या. "ताई, जरा येता का? हे पेपर घेऊन बसून राहिले. चहाही तसाच आहे."

मी गेले. पेपरात त्या दिवशी पहिल्यांदा व्यापाऱ्याचं नाव छापून आलं होतं, ज्याने औषध कंपनीला ते द्रव्य विकलं त्याचं. श्रीपतभाऊंनी माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, "वहिनी, तो भांडला नव्हता."

मला कळायला एक क्षण लागला. व्यापारी भांडला नव्हता, कारण भांडणात प्रश्न निघाले असते, प्रश्नातून नमुना निघाला असता. जादा कर हसत हसत भरून त्याने पिंपं बंदच्या बंद बाहेर काढली. त्याने भाव दाबून दाखवलाच नव्हता. माल खरोखर तेवढाच स्वस्त होता, कारण माल दुसराच होता. कागदावरची तेवढी एक गोष्ट खरी होती, आणि भाऊंनी नेमकी तीच खोटी ठरवली.

"एक ओळ लिहायची होती," ते म्हणाले. "नमुना काढा. एवढीच."

द्रौपदी म्हणाली, "तुम्ही काय देव आहात काय, सगळं कळायला?" पण ते तिचं ऐकत नव्हते.

आता खरा प्रश्न असा होता. व्यापारी म्हणत होता, मी प्रॉपिलीनच आणलं, औषध कंपनीने नंतर काय मिसळलं मला माहीत नाही. कंपनी म्हणत होती, पिंपात आलं तेच आम्ही वापरलं. पिंपं रिकामी होऊन, धुऊन भंगारात गेलेली. जहाजातून नक्की काय उतरलं हे सांगणारा एकच पुरावा असू शकला असता, तो म्हणजे कस्टमने काढलेला नमुना, आणि तो काढलेलाच नव्हता. उलट व्यापाऱ्याच्या हातात सरकारी आदेश होता, श्रीपत मेश्रामांचा, की माल प्रॉपिलीन ग्लायकॉलच आहे आणि अस्सल प्रॉपिलीनच्या भावाचा आहे.

एक वाट उरली होती. ज्या देशातून माल निघाला, तिथल्या कस्टमला आपल्या कस्टमने विचारायचं की तुमच्या कागदांवर या पिंपांत काय दाखवलंय? अशी विचारणा होते, त्याची रीत आहे. ती खात्याने करावी आणि भाऊंचा आदेश चुकीचा ठरवावा, एवढंच त्यांना हवं होतं. तसं झालं असतं तर व्यापाऱ्याचा बचाव कोसळला असता. भाऊंची नोकरीही गेली असती कदाचित, निवृत्तीला फार अवधी नव्हता. द्रौपदीला ते माहीत होतं. तिने अडवलं नाही.

ते साहेबांकडे गेले. काय झालं ते त्यांनी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, शब्दन् शब्द, चोख माणसासारखं.

साहेबांनी विचारलं, "मेश्राम जी, रेवेन्यू का नुकसान कितना हुआ?"

"कुछ नहीं, सर. दोनों का रेट एक ही है."

"तो केस क्या है?"

"सर, माल दूसरा था."

"दवा का मामला दवा वाले देखेंगे. हम ड्यूटी देखते हैं." मग साहेबांनी चहा मागवला आणि जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, "और सोचिए. आज हम लिख दें कि माल दूसरा था, तो उसका दाम सही था. फिर आपने जो दाम बढ़ाकर ड्यूटी ली, वो ग़लत हो गई. ऑडिट पूछेगा. आपको तो उसी पर सर्टिफिकेट मिला है यार."

मला ऐकतानाच असा संताप आला की वाटलं, तो चहा त्याच्या टेबलावर ओतून यावं. आमचे हे म्हणाले, "सुचित्रा, हळू." मी म्हटलं, का हळू? तिकडे मुलं गेली आणि इकडे हा माणूस विचारतो, सरकारचं काय गेलं? श्रीपतभाऊ मात्र साहेबांवर चिडले नव्हते. म्हणाले, "वहिनी, ते काही वेगळं नाही बोलले. जेवताना मी जे बोललो, तेच बोलले."

त्यांनी वर लिहिलं. उत्तर आलं की महसुली हानी नसल्याने परदेशी विचारणेची आवश्यकता दिसत नाही. पुन्हा लिहिलं, आणखी वर. तेच उत्तर, सही दुसरी. पोलिसांनी खात्याकडे माहिती मागितली, तेव्हा खात्याने नोंदीप्रमाणे कळवलं, माल प्रॉपिलीन ग्लायकॉल. भाऊंनी स्वतःविरुद्ध चौकशी मागितली. ती मात्र लगेच झाली आणि लगेच संपली. अधिकाऱ्याने शासनाचं कोणतंही नुकसान केलेलं नाही, असा शेरा मारून त्यांना निर्दोष ठरवलं. निर्दोष सुटल्याविरुद्ध अपील करायची सोय नियमांत नसते. ती आहे का म्हणून या माणसाने नियम शोधले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरात ते हळूहळू मिटत गेले. पौर्णिमेला त्यांच्याकडे बुद्धवंदना होते, आजूबाजूची दोन-तीन मराठी घरं येतात, मीही जाऊन बसते. भाऊंचा आवाज चांगला, पंचशील तेच म्हणायचे, बाकीचे मागून. त्या थंडीनंतर मी बघितलं, पहिलं शील आलं, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं, की त्यांचा आवाज थांबायचा. द्रौपदी ते एकटीने पुढे न्यायची. दुसऱ्या शीलापासून भाऊ पुन्हा धरायचे. एकदा न राहवून मी पोह्यांची बशी पुढे केली आणि म्हटलं, "भाऊ, हेडिंग?" त्यांनी बशीकडे बघितलं. म्हणाले, "आठवत नाही, वहिनी." त्यांना आठवत होतं, मला खात्री आहे.

साक्षीचं समन्स आलं तोवर ते निवृत्त झाले होते. पेन्शन पूर्ण मिळाली, निरोपाला शाल मिळाली. कोर्ट त्या तराईच्या जिल्ह्यात. द्रौपदीचे गुडघे धड नव्हते, म्हणून ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही जा यांच्यासोबत. यांना एकटं नका सोडू." स्वप्नाचा आदल्या दिवशी फोन आला होता. "पापा, बस बोल देना कि सिस्टम ऐसा है. ग़लती आपकी अकेले की थोड़ी है." भाऊ म्हणाले, "हो बेटा," आणि फोन ठेवला. सकाळी आम्ही चारबागहून गाडी पकडली. वाटभर ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मी द्रौपदीने दिलेली भाकरी-चटणी तीनदा पुढे केली, तीनदा परत बांधली.

साक्ष फार वेळ चाललीच नाही. व्यापाऱ्याचा वकील मोठा गोड बोलणारा. त्याने कागद पुढे केला.

"ये ऑर्डर आपका है?"

"जी."

"इसमें माल का नाम क्या लिखा है?"

"प्रॉपिलीन ग्लायकॉल. लेकिन वो..."

"लेकिन बाद में. ये ऑर्डर आज तक किसी ने बदला?"

"नहीं. मैंने लिखा था कि बदला जाए..."

"बदला या नहीं?"

"नहीं."

"डिपार्टमेंट ने आप पर कोई दोष लगाया?"

"नहीं."

"आपने दाम बढ़ाकर ड्यूटी ली, और मेरे मुवक्किल ने पूरी भरी?"

"जी."

सरकारी वकिलाने उठून एक-दोन प्रश्न विचारले. भाऊ म्हणाले, "नमुना मैंने नहीं निकलवाया, ये मेरी ग़लती थी, मुझे शक होना चाहिए था." व्यापाऱ्याचा वकील लगेच उठला, साक्षीदाराला आता काय वाटतं याला अर्थ नाही, तेव्हा काय लिहिलं ते महत्त्वाचं. न्यायाधीशांनी मान डोलावली. श्रीपतभाऊंनी आयुष्यभर लिहिलेल्या शब्दालाच किंमत दिली होती, तोंडी सांगितलेलं कधी मानलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना तोच न्याय मिळाला. ते कठड्याला धरून खाली उतरले. व्यापारी पहिल्या रांगेत बसला होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, जामिनावर केव्हाच सुटलेला. त्याने भाऊंना हात जोडून नमस्कार केला. उपकार मानावे तसा.

बाहेर व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात एक बाई आमच्यापुढे येऊन उभी राहिली. पस्तिशीचीही नसेल, सुती साडी, हातात पिशवी. आत सगळ्या आईबापांची नावं पुकारली होती, त्यात तिचं मी ऐकलं होतं, चंद्रप्रभा.

"टैक्स वाले साहब आप हैं?"

"हाँ," भाऊ म्हणाले. उठायला लागले, तर तिने हातानेच बसा म्हटलं.

"अंदर आप नमूना बोल रहे थे. वो क्या होता है?"

"थोड़ा-सा माल. शीशी में भरकर जाँच को भेजते हैं. मुझे भेजना था. नहीं भेजा."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "छोटा तो ख़ुद माँगता था. मीठी थी ना. मैं कहती, बस, दो ही चम्मच." तिने दोन बोटं वर केली आणि ती तशीच राहिली. मला त्या बोटांकडे बघवेना. श्रीपतभाऊ बघत होते.

मग तिने विचारलं, अगदी समजून घ्यायचं म्हणून, आवाज न चढवता, "उसने टैक्स चुराया था, साहब?"

"नहीं. पूरा भरा था." भाऊ म्हणाले, "ज़्यादा भरा था. मैंने भरवाया था."

चंद्रप्रभाने मान हलवली. इतके दिवस कोणी नीट न सांगितलेली गोष्ट एकदाची कळल्यासारखी.

"तो सरकार का कुछ नहीं गया," ती म्हणाली.

भाऊंनी हे वाक्य आधी कितीतरी टेबलांवर ऐकलं होतं आणि दर वेळी त्यावर अर्ज लिहिला होता. या वेळी त्यांनी बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "नहीं, बेटी. कुछ नहीं गया."

ती पिशवी सावरून पायऱ्या उतरून गेली. आम्ही परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.